पासपोर्ट बदलला, दार उघडं ठेवलं: ओक्साना चुसोविटिनाचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत आहे. इथे ती पाळून काही उपयोग नाही. आठ ऑलिंपिक खेळलेली महिला जिम्नॅस्ट जगात एकच आहे, त्यामुळे नाव झाकलं तरी दुसऱ्या ओळीत ओळखू येईल. तेव्हा ओक्साना चुसोविटिनाचं नाव उघड ठेवलं आहे. डॉक्टर, देणगीदार, क्लबमधली मंडळी हे सगळे मात्र निनावी आहेत.

तिच्याबद्दल आपल्याकडे छापून येतं ते बहुतेक ‘आईची जिद्द’ या एकाच सुरात. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीवर रुग्णालयाचं बिल भरत नाही आणि व्हिसाही मिळत नाही. म्हणून इथे भावनेचा भाग बाजूला ठेवून, २००२ ते २००६ या चार वर्षांत, मुलाच्या आजारपणात, तिच्यासमोर काय काय होतं, तिने काय निवडलं आणि त्याचे परिणाम कुठवर गेले, एवढंच पाहू.

## पार्श्वभूमी

चुसोविटिना १९ जून १९७५ची, जन्म उझबेकिस्तानातल्या बुखाराचा. सातव्या वर्षी जिममध्ये गेली आणि १९८८ साली, तेराव्या वर्षी, सोव्हिएत संघाची ज्युनिअर ऑलराउंड (चारही उपकरणांची मिळून) विजेती झाली. तेव्हाच्या व्यवस्थेत प्रजासत्ताकांमधली चुणचुणीत मुलं वेचून मॉस्कोजवळच्या राष्ट्रीय शिबिरात आणली जात. घर बुखारा-ताश्कंदकडे, पण उपकरणं, प्रशिक्षक, डॉक्टर, स्पर्धेची तिकिटं हे सगळं केंद्राकडून.

सप्टेंबर १९९१मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ओक्साना सोळा वर्षांची होती. फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरती) सुवर्ण, व्हॉल्टवर (धावत येऊन उपकरणावरून उडी) रौप्य, शिवाय सांघिक सुवर्ण. पण तारखा पाहा: उझबेकिस्तानने स्वातंत्र्य जाहीर केलं ३१ ऑगस्टला आणि ही स्पर्धा सुरू झाली ६ सप्टेंबरला. म्हणजे ज्या देशाची जर्सी अंगावर होती, त्या देशातून तिचं घर आठवडाभर आधीच बाहेर पडलं होतं. डिसेंबरअखेर तो देशही उरला नाही.

१९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकला पूर्वीच्या सोव्हिएत खेळाडूंचा ‘युनिफाइड टीम’ म्हणून एकच संघ उतरला. महिला जिम्नॅस्टिक्सचं सांघिक सुवर्ण त्यांनीच नेलं. त्या सहा जणींत दोघी उझबेकिस्तानच्या होत्या: चुसोविटिना आणि रोझालिया गालियेवा. बार्सिलोनानंतर दोघींच्या वाटा फुटल्या. गालियेवा पुढे रशियाकडून खेळली आणि १९९६ला अटलांटात रशियाच्या संघाबरोबर रौप्य जिंकली. चुसोविटिना उझबेकिस्तानकडेच राहिली. अटलांटात तिच्या मागे संघ नव्हता. ती एकटी उतरली आणि ऑलराउंडमध्ये दहावी आली.

नव्या देशात खेळाला पैसा नव्हता. ताश्कंदच्या जिममधली उपकरणं जुनी, झिजलेली होती. (ताश्कंद म्हटलं की आपल्याला १९६६चा करार आणि शास्त्रीजींचं निधन आठवतं, तिथे जागतिक विजेती मुलगी फाटक्या मॅटवर सराव करत होती, हे आपल्या गावीही नव्हतं.) तरी १९९३ला बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत तिने उझबेकिस्तानसाठी व्हॉल्टचं कांस्य आणलं. पुढे एका उझबेक कुस्तीगिराशी लग्न झालं. दोघांची गाठ १९९४च्या हिरोशिमा एशियाडमध्ये पडली होती. नोव्हेंबर १९९९मध्ये मुलगा झाला, अलिशेर. बाळंतपणानंतर वर्षही पुरं झालं नव्हतं, तेव्हा ती सिडनी ऑलिंपिकला उतरली.

## अडचण

२००२मध्ये अलिशेरला ल्युकेमिया असल्याचं निदान झालं. मुलगा तेव्हा जेमतेम अडीच-तीन वर्षांचा.

लहान मुलांचा हा रक्ताचा कर्करोग औषधांना चांगली दाद देतो, पण अट एकच: उपचार ठरलेल्या क्रमाने आणि न थांबता व्हायला हवेत. केमोथेरपी एका महिन्यात आटपत नाही, दोन-अडीच वर्षं चालते. मध्ये रोगप्रतिकारशक्ती ढासळते, साधा संसर्गही जिवावर बेततो. म्हणजे चांगलं औषध एकदा मिळून भागत नाही. चांगलं रुग्णालय सलग काही वर्षं हाताशी असावं लागतं. हे ताश्कंदमध्ये जमणार नव्हतं. परदेशातल्या उपचारांचा खर्च म्हणून बातम्यांत वारंवार आलेला आकडा सुमारे १,२०,००० युरोंचा आहे. घरातलं विकण्यासारखं होतं ते विकलं गेलं, तरी एवढी रक्कम उभी राहीना.

तिची व्यावसायिक स्थितीही पाहायला हवी. वय २७. महिला जिम्नॅस्टिक्समध्ये त्या काळी हे निवृत्तीनंतरचं वय. खात्यात बरीच पदकं, पण ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक एकही नाही. विमा नाही, आणि खेळाडूच्या कुटुंबाच्या आजारपणासाठी महासंघाकडे काही तरतूदही नाही. विकता येण्याजोगं कौशल्य एकच: धावत जाऊन टेबलावरून उडी मारणं.

## पर्याय

बाहेरून पाहता चार वाटा दिसतात.

पहिली, ताश्कंद-मॉस्कोतच जमेल तसे उपचार घ्यायचे. भाषा ओळखीची, नातेवाईक जवळ, पण पैशाचा प्रश्न जिथल्या तिथे. दुसरी, खेळ सोडून परदेशात प्रशिक्षकाची नोकरी धरायची. पगार नियमित, शिवाय शरीराला आराम. कागदावर ही वाट सगळ्यात शहाणपणाची. पण नोकरी शोधायला वेळ जातो, आणि वेळच तर नव्हता. शिवाय नवख्या प्रशिक्षकाच्या पगारात एवढं बिल बसत नाही.

तिसरी वाट जर्मनीतून आली. कोलोनच्या एका क्लबमधल्या प्रशिक्षकांनी कळवलं: इकडे या, मुलाचे उपचार इथल्या विद्यापीठ रुग्णालयात होतील, तू आमच्याकडे सराव कर. जर्मनीत जिम्नॅस्टिक्सची क्लब-लीग आहे, त्यामुळे क्लबला चांगल्या खेळाडूचा थेट उपयोग होता. यात उपकार आणि व्यवहार दोन्ही होते, आणि त्यात वावगं काही नाही. नुसत्या उपकारावर उभी राहिलेली व्यवस्था सहा महिन्यांत दमते. इथे दोन्ही बाजूंना काही ना काही मिळत होतं, म्हणून ती टिकली.

चौथी वाट या तिसरीतूनच फुटते: जर्मनीत गेल्याबरोबर उझबेकिस्तानला रामराम ठोकायचा आणि जर्मनीकडून खेळायला लागायचं.

## पहिला निर्णय: कोलोन

तिने कोलोन निवडलं आणि कुटुंब तिकडे गेलं. जिम्नॅस्टिक्सच्या जगातून देणग्या आल्या, स्पर्धांच्या बक्षिसांचा पैसा उपचारांकडे वळला.

इथे थोडं थांबायला हवं. ‘मुलासाठी खेळली’ हे वाक्य सगळीकडे असतं, पण खेळण्यातून पैसा कसा येतो ते कुणी सांगत नाही. वर्ल्ड कप मालिकेतल्या स्पर्धांत प्रत्येक उपकरणाचं पदक वेगळं आणि बक्षीसही वेगळं. ऑलराउंडसाठी चार उपकरणं तोलावी लागतात: व्हॉल्ट, अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे), बीम (अरुंद तुळई), फ्लोअर. एकाच उपकरणावर वर्षानुवर्षं पहिल्या तिघींत राहता आलं तर कमी सरावात नियमित मिळकत होते. तिच्यासाठी ते उपकरण व्हॉल्ट होतं.

व्हॉल्टचं गणित मुळातच वेगळं आहे. जास्तीत जास्त २५ मीटरची धाव, स्प्रिंगबोर्ड, सव्वा मीटर उंचीच्या टेबलावर हातांचा एक धक्का, हवेत गिरक्या, आणि पाय जमिनीवर. धाव धरूनही सगळं काही सेकंदांत संपतं. बीमवर दीड मिनिट श्वास रोखून चालावं लागतं, फ्लोअरवर शेवटच्या उडीला छाती फुटायची वेळ येते. व्हॉल्टला तो दम लागत नाही. लागतो तो धावेचा वेग, खांद्यांचा झटका आणि हवेत आपण कुठे आहोत याचं भान. हे भान वयाबरोबर लवकर जात नाही. जातात ते घोटे आणि गुडघे, कारण लँडिंगचा सगळा भार त्यांच्यावर. पदकाच्या फेरीत वेगवेगळ्या प्रकारच्या दोन उड्या मारायच्या आणि सरासरी काढायची. म्हणजे दोन उड्या घोटून पक्क्या केल्या की वर्षभर त्याच विकता येतात.

शिवाय २००१पासून जुन्या ‘घोड्या’च्या जागी रुंद, जिभेसारखं पुढे झुकलेलं टेबल आलं होतं. हात टेकायला जागा वाढली, उडी जास्त सुरक्षित झाली. सत्ताविशीतल्या व्हॉल्टरला हा बदल वेळेवर लाभला, असं मला वाटतं.

## दुसरा निर्णय: जर्सी लगेच बदलली नाही

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात दूरदर्शी निर्णय हा आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं.

कोलोनला राहून, तिथल्या जिममध्ये सराव करून ती तीन वर्षांहून जास्त काळ उझबेकिस्तानकडूनच खेळत राहिली. २००३ला अनाहाइमच्या जागतिक स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण मिळालं, नाव लागलं उझबेकिस्तानचं. २००४ला अथेन्समध्येही ती उझबेकिस्तानकडूनच उतरली. जगज्जेती असूनही व्हॉल्टची अंतिम फेरी गाठता आली नाही. २००५ला मेलबर्नला रौप्य, पुन्हा उझबेकिस्तानसाठी. २००६मध्ये जर्मन नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी ऑर्हुसच्या जागतिक स्पर्धेत तिने जर्मनीसाठी व्हॉल्टचं कांस्य जिंकलं.

हा मुत्सद्दीपणा होता की नागरिकत्वाच्या कागदांना लागणारा वेळ? थोडं थोडं दोन्ही असावं. नागरिकत्व मागितल्याबरोबर कुणी देत नाही. पण कागदांची वाट पाहताना उझबेकिस्तानकडून न खेळता नुसतं बसणंही शक्य होतं. अनेक खेळाडू तसं करतात, कारण देश बदलताना मधली ‘थंड’ वर्षं मोजली जातात. ऑलिंपिकच्या नियमांत देश बदलणाऱ्या खेळाडूला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. जुन्या देशाची संमती असेल तर ही मुदत कमी होऊ शकते. म्हणजे किल्ली जुन्या देशाच्या हाती असते. ज्या महासंघाला तुम्ही कालपर्यंत पदकं आणून दिली, तो ती किल्ली देताना कमी कुरकुर करतो. मेलबर्न नोव्हेंबर २००५ला आणि ऑर्हुस ऑक्टोबर २००६ला. जिम्नॅस्टिक्सच्या जगात इतक्या कमी अंतराने, मोठा तमाशा न होता देश बदलणं रोजचं नाही.

## परिणाम

२००८ साली दोन गोष्टी घडल्या. अलिशेर आजारातून मोकळा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आणि बीजिंगमध्ये तिला व्हॉल्टचं रौप्य मिळालं. वय ३३, पाचवं ऑलिंपिक, पहिलं वैयक्तिक पदक.

त्या फेरीचे गुण पाहण्यासारखे आहेत. उत्तर कोरियाची होंग उन-जोंग १५.६५०, चुसोविटिना १५.५७५, चीनची चेंग फेई १५.५६२. दुसरी आणि तिसरी यांच्यात ०.०१३चा फरक. चेंग फेई दुसऱ्या उडीत गुडघ्यांवर आली, तरीही एवढे गुण. ती उभी राहिली असती तर क्रम वेगळा लागला असता. पदकात नशिबाचा वाटा असतो तो असा. पण पाचव्या ऑलिंपिकपर्यंत टिकून राहून त्या फेरीत असणं, हे नशिबाने होत नाही.

जर्मनीलाही व्यवहार फळला. बीजिंगला ती फक्त व्हॉल्टर म्हणून गेली नव्हती. संघासाठी चारही उपकरणं केली आणि ऑलराउंडच्या अंतिम फेरीत नववी आली. २०११ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ३६व्या वर्षी व्हॉल्टचं रौप्य, २०१२ला लंडनमध्ये पाचवा क्रमांक.

लंडननंतर निवृत्तीचं बोलून झालं होतं, मग मन बदललं. २०१३पासून ती पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळू लागली. ऑगस्ट २०१२ला जर्मनी, ऑक्टोबर २०१३च्या अँटवर्प जागतिक स्पर्धेत उझबेकिस्तान. जाताना दार आपटलं नव्हतं म्हणून परत येताना ते उघडंच मिळालं. २०१४ आणि २०१८च्या एशियाडमध्ये व्हॉल्टची रौप्यपदकं आली, ती पुन्हा ताश्कंदच्या खात्यात. जागतिक स्पर्धांत एकट्या व्हॉल्टवर तिची नऊ पदकं आहेत. एकाच उपकरणावर इतकी कुणाचीच नाहीत.

## भारताशी जुळणारा धागा

१४ ऑगस्ट २०१६ची रात्र अनेकांना आठवत असेल. सव्वाअकरानंतर टीव्हीवर रिओची व्हॉल्ट अंतिम फेरी, दीपा कर्माकरची प्रोडुनोव्हा, आणि १५.०६६ गुणांसह चौथा क्रमांक. पदक थोडक्यात हुकलं म्हणून आपण हळहळलो. त्याच फेरीत ४१ वर्षांच्या चुसोविटिनानेही प्रोडुनोव्हाच मारली. हातांवरून उसळून पुढे दोन पूर्ण कोलांट्या, तेव्हाच्या नियमांत अवघडपणाचे ७.० गुण. तिचा वेग आवरला नाही, पाय टेकले आणि ती पुढे गडगडली. सातवा क्रमांक आला.

दीपाला ती उडी पदकाच्या जवळ नेत होती, म्हणून तिच्यासाठी जोखीम रास्त होती. चुसोविटिनाकडे नेहमीच्या, पक्क्या उड्या होत्या. पण त्यांवर रिओत पहिल्या तिघींत येणं कठीण होतं: सिमोन बाइल्स १५.९६६वर होती आणि कांस्यालाच १५.२१६ लागले. सहावं-सातवं येऊन घरी जाण्यापेक्षा पदकासाठी झेप घ्यायची, असा तो हिशेब. मी प्रशिक्षक असतो तर एक्केचाळिसाव्या वर्षी ही उडी मारू दिली नसती. तिने मारली, आणि धड उठून चालत गेली, हे तिचं उत्तर.

## शेवटचा टप्पा: एकाच उपकरणाची किंमत

२०२१मध्ये टोकियोत, ४६व्या वर्षी, व्हॉल्टच्या पात्रता फेरीत १४.१६६ गुण मिळाले. अंतिम फेरी हुकली. प्रेक्षक नव्हते, पण इतर संघांच्या खेळाडू, प्रशिक्षक आणि स्वयंसेवक उभे राहून टाळ्या वाजवत होते. निवृत्ती जाहीर झाली आणि काही महिन्यांत मागेही घेतली गेली. लक्ष्य ठरलं पॅरिस २०२४, म्हणजे नववं ऑलिंपिक.

त्यासाठीची शेवटची संधी मे २०२४ची आशियाई स्पर्धा होती, आणि तीही ताश्कंदमध्येच. तिथे ती जखमी झाली, माघार घ्यावी लागली, पॅरिस गेलं.

बातम्या ‘दुखापतीने स्वप्न भंगलं’ इथे थांबल्या. पण पात्रतेचा नियम पाहिला तर अडचण दुखापतीच्या आधीपासून होती. आशियाई स्पर्धेतून पॅरिसचं जे तिकीट मिळणार होतं ते ऑलराउंडच्या क्रमवारीवर. बीजिंगला जी बाई चारही उपकरणांवर नववी आली होती, तिने पुढच्या दशकात भर दिला होता व्हॉल्टवर. मिळकतीसाठी, गुडघ्यांसाठी, वयासाठी तो निर्णय बरोबरच होता. पण ४८व्या वर्षी ऑलिंपिकचं दार चार किल्ल्यांनी उघडणार होतं आणि तिच्याकडे धड एकच होती.

## वेगळं काय करता आलं असतं

तिच्या बाजूने फार थोडं. २००२चा कोलोनचा निर्णय बदलावा असं काही सापडत नाही, आणि २००६पर्यंत थांबणं तर बरोबरच होतं. दोष शोधायचा तर पॅरिसच्या तयारीत: व्हॉल्टपुरते भाग घेता येणाऱ्या वर्ल्ड कप मालिकेवर आधीपासून सगळं वजन टाकायला हवं होतं. त्या मालिकेतून प्रत्येक उपकरणाच्या पहिल्या दोघींना पॅरिसचं तिकीट होतं. अर्थात तिथे विशीतल्या व्हॉल्टर होत्या, त्यामुळे तीही वाट सोपी नव्हतीच.

महासंघाच्या बाजूने बरंच काही. खेळाडूच्या कुटुंबासाठी आरोग्य विमा, ही १९९३लाच व्हायला हवी होती अशी साधी गोष्ट. दुसरी म्हणजे, २०१३ला तयार जगज्जेती परत मिळाल्यावर तिच्याबरोबर मुलींचा संघ उभा करणं. एक खेळाडू तीस वर्षं पदकं आणते तेव्हा तिच्या मागची फळी रिकामी आहे हे झाकलं जातं. ताश्कंदच्या जिममध्ये आज सराव करणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला चुसोविटिना रोज समोर दिसते हा मोठा ठेवा आहे. पण त्या मुलीने चार उपकरणं शिकायची की लवकर एकाच उपकरणावर पदक शोधायचं, हे कुणी तरी ठरवून द्यायला हवं, आणि तेही ऑलिंपिकचे पात्रता नियम समोर ठेवून.

कारण त्याच आशियाई स्पर्धेत, ताश्कंदच्याच हॉलमध्ये, व्हॉल्टचं सुवर्ण दीपा कर्माकरने जिंकलं होतं, १३.५६६ गुणांनी. वरिष्ठ आशियाई स्पर्धेत भारताचं हे पहिलं सुवर्ण. पण ऑलराउंडमध्ये ती मागे होती, त्यामुळे पॅरिसचं तिकीट तिलाही मिळालं नाही. ते गेलं फिलिपिन्सच्या एमा मालाबुयोकडे, आणि दीपाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्ती घेतली.